आधी वही दाखवा

या महिन्याच्या टपालात त्रिकोणमितीच इतकी आली, की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला काढली. नाताळच्या सुमारास हे दरवर्षी होतं. पहिल्या सराव परीक्षेचे पेपर घरी येतात, आणि सोलापुरातले आईबाप गणिताच्या शिकवणीच्या शोधाला लागतात. पत्रं थोडी कापली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय बाई, माझी मुलगी दहावीला आहे, सेमी-इंग्रजी. सराव परीक्षेत बीजगणितात ४० पैकी २६ मिळाले आणि भूमितीत १३. "मला बाकी सगळं येतं, ट्रिगनॉमेट्रीच येत नाही," असं तिचं म्हणणं. क्लास लावलेला आहे, पण तिथे एका बॅचला साठेक मुलं, आणि त्यांची त्रिकोणमिती नोव्हेंबरातच "होऊन गेली". म्हणून तेवढ्या एका धड्यासाठी घरी येऊन शिकवणारं कुणीतरी हवं आहे. दोघे मिळालेत. एक सर अनुभवी आहेत, त्यांच्या फ्लेक्सवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो असतात. ते बोर्डापर्यंतची फी एकदम मागतात. दुसरा आमच्याच कॉलनीतला इंजिनिअरिंगचा मुलगा. हुशार आहे, तासाच्या हिशेबाने यायला तयार आहे. कुणाला ठेवू? उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, झेरॉक्स पाठवल्यात ते फार बरं केलंत. "येत नाही" या दोन शब्दांवरून मला काही कळलं नसतं. त्या चार पानांवरून बरंच कळलं.

०, ३०, ४५, ६० आणि ९० अंशांच्या किमतींचा तक्ता तिने समासात सुबक काढलाय, एकही किंमत चुकलेली नाही. म्हणजे पाठांतरात मुलगी कुठे कमी पडत नाही. आता तिसरा प्रश्न बघा. १/(१ − साइन थीटा) + १/(१ + साइन थीटा) = २ सेक-वर्ग थीटा, हे सिद्ध करायचं होतं. तिने वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. वर झाले दोन. खाली साइनला साइन गेला, राहिले दोन. दोन छेद दोन म्हणजे एक. उत्तर इतकं नेटकं आलं की तिला शंकासुद्धा आली नाही, आणि खाली "एलएचएस = आरएचएस" (डावी बाजू = उजवी बाजू) लिहून ती मोकळी झाली.

यात साइनचा काय दोष? आज रात्री जेवणं झाली की तिच्यापुढे एक कोरा कागद ठेवा आणि साइनच्या जागी क्ष लिहून हेच गणित घाला : १/(१ − क्ष) + १/(१ + क्ष). छेद समान करून २/(१ − क्ष-वर्ग) एवढं आलं, तर पुढे १ वजा साइन-वर्ग म्हणजे कॉस-वर्ग हे तिला पाठ आहेच, गणित दोन ओळींत संपतं. नाही आलं, तर तिला त्रिकोणमितीची शिकवणी लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तिला हवा आहे अक्षरी अपूर्णांक आणि विस्तार सूत्रं पक्की करून घेणारा माणूस.

तुम्ही म्हणाल, बीजगणितात २६ आहेत की! आहेत, पण दहावीचं बीजगणित म्हणजे रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, श्रेढी, जीएसटी-शेअर्सचं अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. त्यात अक्षरी अपूर्णांकांची बेरीज क्वचित लागते. ती कमजोरी दोन वर्षं झाकून राहते आणि भूमितीच्या सहाव्या धड्यात उघडी पडते. नाव मात्र बद्दू होतं त्रिकोणमितीचं.

पाचव्या प्रश्नातली चूक वेगळ्या जातीची आहे. १२ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून खालची गाडी ३० अंशांच्या अवनत कोनात दिसते, तर गाडी इमारतीपासून किती दूर? तिने ३० अंश भिंत आणि नजरेची रेषा यांच्यामध्ये दाखवले आणि उत्तर काढलं ४√३, म्हणजे सात मीटरच्याही आत. अवनत कोन भिंतीपासून मोजत नाहीत, नजर समोर आडवी ठेवली तर त्या आडव्या रेषेपासून खाली मोजतात. बरोबर उत्तर १२√३, जवळपास २१ मीटर. ही चूक तिला गच्चीवर नेऊन दहा मिनिटांत सुटेल. आकडेमोड तिची निर्दोष आहे, आकृती चुकली. पाठ केलेला तक्ता इथे कामाला आला नाही तो एवढ्यासाठी.

आता कुणाला ठेवायचं? दोघांनाही याच झेरॉक्स दाखवा. काही बोलू नका, फक्त दाखवा. जो पानं उलटून तुमच्या मुलीला विचारेल, "हे दोन छेद दोन कसे आले, सांग बघू," त्याला ठेवा. जो पानं बाजूला सारून "काळजी करू नका मॅडम, पहिल्यापासून घेतो," म्हणेल, त्याला चहा पाजा आणि नमस्कार करा. पहिल्यापासून घ्यायला तुमच्याकडे आता वेळ आहे कुठे? फेब्रुवारीत बोर्ड आलं.

फ्लेक्सवरच्या फोटोंचं म्हणाल, तर ९८ टक्केवाली मुलं कुणाच्याही हाताखाली ९५ च्या खाली येत नाहीत. १३ वरून २८ वर गेलेल्या पोरीचा फोटो कुणी लावत नाही, आणि तुम्हाला शोधायची आहे ती नेमकी तिची आई. त्या सरांना सरळ विचारा, "गेल्या वर्षी काठावरची मुलं होती, त्यातल्या एका पालकाशी बोलता येईल का?" चांगला शिक्षक या प्रश्नाने खूश होतो.

इंजिनिअरिंगच्या मुलाबद्दल माझं मत थोडं सावध आहे. हुशार मुलं तीन पायऱ्या मनात करतात आणि चौथी कागदावर लिहितात. बोर्डात मार्क पायऱ्यांना असतात. शिवाय स्वतःला जे कधीच अडलं नाही, ते दुसऱ्याला का अडतं हे समजायला वेगळी समज लागते. तरीही दोघांत निवडायची वेळ आली आणि झेरॉक्सच्या परीक्षेत दोघे सारखेच उतरले, तर मी त्याच मुलाला दोन तास देऊन बघेन. तासावर येणारा माणूस नको वाटला तर थांबवता येतो. सगळी फी आगाऊ घेतलेल्याला थांबवणं अवघड.

ते दोन तास तुम्ही शेजारच्या खोलीत बसा. गणित कळायची गरज नाही, कानांनी ऐका आणि एकदा पाण्याच्या निमित्ताने डोकावून या. पेन कुणाच्या हातात आहे? तासभर सरांच्याच हातात असेल आणि मुलगी "हो हो, कळलं" म्हणत असेल, तर कळलेलं नाही. पहिल्या एक-दोन तासांत त्रिकोणमितीचं पानही उघडलं गेलं नाही म्हणून तुमच्या जिवाची घालमेल होईल. उघडलं असतं तर माझी झाली असती.

मुदत ठरवून घ्या : सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एक तास. त्याहून जास्त दिवस त्या एका धड्याला लागू नयेत. शिकवणी बाहेरच्या खोलीत, दार उघडं, घरात मोठं माणूस हजर, हे कुणालाही वाईट वाटण्याची भीड न बाळगता पहिल्याच दिवशी सांगून टाका. पाणी सुटायचा दिवस टाळून वार ठरवा, नाहीतर अर्धा तास हंडे-बादल्यांत जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, दिवसांत शिकवणी आठवडाभर बंद ठेवू नका. एक संध्याकाळ नंदीध्वज आणि पाळणे बघून येऊ दे तिला, दुसऱ्या दिवशी वही उघडायची.

प्रश्न : बाई, मी यंत्रमागावर काम करतो, मंडळी विड्या वळते. मुलगा नववीला, मराठी शाळेत. घरात आम्ही तेलुगू बोलतो. गणितात बरा होता, पण आता नवीन धडा आला त्रिकोणमितीचा, तो त्याला वाचूनच कळत नाही म्हणतो. शिकवणीचे पैसे आम्हाला झेपणार नाहीत. काय करावं?
— एक वडील, पूर्व भाग

उत्तर : भाऊ, तुमचा मुलगा नववीत आहे, ही जमेची बाजू. नववीच्या भूमितीत त्रिकोणमिती नुकती सुरू होते. काटकोन त्रिकोण, त्यातला एक कोन, त्याच्या समोरची बाजू, लगतची बाजू आणि कर्ण. एवढंच सामान आहे. ते नीट लागलं की दहावीत अर्धं ओझं हलकं होतं.

"वाचूनच कळत नाही" हे तो खरं सांगतोय. शाब्दिक गणित दोनदा समजून घ्यावं लागतं, एकदा भाषा म्हणून आणि एकदा गणित म्हणून. घरी तुम्ही त्याला एकच सांगा : प्रश्न वाच आणि मला तेलुगूत सांग, शिडी कुठे टेकली, कोन कुठे झाला, काय काढायचंय. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल, तुम्ही ऐकणारे. तो सांगता सांगता आकृती काढू लागेल. आकृती झाली की मराठीत लिहायला वेळ लागत नाही.

पैशांवाचून होण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. शाळेतल्या शिक्षकांना मधल्या सुट्टीत अडलेलं गणित विचारणं हा मुलाचा हक्क आहे, उपकार नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ प्रमाणे शाळेतल्या शिक्षकांनी खाजगी शिकवणी घ्यायची नसते. शाळेत शंका सोडवायला कुणाचीच आडकाठी नाही. मुलगा लाजत असेल तर पहिल्यांदा तुम्ही सोबत जा.

बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता येतात. धड्यातल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला की त्या भागाची शिकवणूक उघडते. पुस्तकांतले हे कोड आणण्यात आपल्याच जिल्ह्याचा हात आहे, हे मुलाला जरूर सांगा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा प्रयोग आधी केला, पुढे तो राज्यभर गेला, आणि २०२० सालचा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. फक्त मोबाइल हातात देऊन तुम्ही मागावर निघून जाऊ नका. वीस मिनिटं बघायचं, मग मोबाइल आईकडे आणि वही पुढ्यात.

आणखी एक. गल्लीतली नववीची तीन-चार मुलं गोळा करा. एम.एस्सी. किंवा बी.एड.ला शिकणारी मुलं-मुली तुमच्या भागात नक्की असतील, तेलुगू बोलणारी मिळाली तर सोन्याहून पिवळं. चौघांनी मिळून एकाची फी भरली तर ती झेपेल. गणितात चार जण एकट्यापेक्षा बरे. एकाला अडलेलं दुसरा सांगतो, आणि सांगणाऱ्याचंच जास्त पक्कं होतं.

माग घरातच असतील, तर खटखटाटात अभ्यास होत नाही. सवय झालीय असं मुलं म्हणतात, पण शाब्दिक गणिताला शांतता लागते. जवळच्या वाचनालयाची अभ्यासिका बघा.

प्रश्न : बाई, मी मोहोळहून रोज एसटीने येते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता अकरावी सायन्स. ट्रिगनॉमेट्रीचे दोन धडे झाले. सूत्रांची चार पानं आहेत. क्लासचे सर म्हणतात, आधी सगळी पाठ करा, मग गणितं. पाठ करते आणि विसरते. मैत्रीण क्लाससाठी लातूरला गेलीय, मीही जावं असं घरी चाललंय. की इथेच एखादे पर्सनल ट्यूटर बघावेत?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, चार पानं पाठ करून मीही विसरले असते. त्या चार पानांचे मायबाप दोनच आहेत, साइन (अ + ब) आणि कॉस (अ + ब). ही दोन सूत्रं कुठून आली ते एकदा आकृतीसकट समजून घे. मग ब च्या जागी अ घाल, दुपटीच्या कोनाचं सूत्र मिळतं. ब च्या जागी उणे ब घाल, वजाबाकीचं मिळतं. बेरजेचं आणि वजाबाकीचं एकमेकांत मिळव, तुला ज्याची सगळ्यात भीती वाटते ते साइन सी अधिक साइन डी हातात येतं. कोऱ्या कागदावर हे सगळं उभं करायला सुरुवातीला तासभर लागेल. दर रविवारी एकदा कर. चार-पाच रविवारांत ते वीस मिनिटांवर येईल आणि विसरायचं कारणच उरणार नाही.

साइन (अ + ब) म्हणजे साइन अ अधिक साइन ब, असं लिहायची सवय असेल तर आत्ताच मोड. ३० आणि ६० घालून बघ. साइन ९० एक येतो, आणि त्या दोघांची बेरीज येते १.३६६. एकापेक्षा मोठा साइन कधी बघितलास का?

ट्यूटर निवडायचा तर त्यांना एवढंच विचार : "सर, साइन सी अधिक साइन डीचं सूत्र कुठून येतं?" पेन उचलून दाखवू लागले तर त्यांच्याकडे जा. "ते कशाला, पाठ कर," म्हणाले तर एसटीचे पैसे वाचव.

लातूरबद्दल बोलायचं तर, तिथली शिस्त आणि तिथली स्पर्धा काही मुलांना मानवते, काहींना खाते. तू अजून मराठीतून इंग्रजीत स्थिरावते आहेस. त्यात गाव बदलायचं, खोली बदलायची, डबा बदलायचा, एवढं सगळं एकाच वर्षी अंगावर घेऊ नये असं मला वाटतं. एमएचटी-सीईटीच्या, म्हणजे बारावीनंतरच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, गणितात ५० प्रश्न असतात, प्रत्येकी दोन गुण. त्यातला अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, बाकी बारावीचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पण बारावीचा तिसरा धडा पुन्हा त्रिकोणमितीचाच, आणि पुढे विकलन-संकलनात पावलोपावली साइन-कॉस लागतात. म्हणून हे दोन धडे वाटा मोजून सोडून देऊ नकोस.

एसटीतला वेळ सूत्रांच्या चिठ्ठ्यांना द्यायचा मोह होईल. त्या वेळात झोप काढ. सकाळी लवकर उठतेस.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला आहे, गणित घेऊन. शेजारच्या दोन दहावीच्या मुलांची शिकवणी मागायला आले आहेत, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. कधी शिकवलेलं नाही. फी किती सांगू आणि सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, शेळगी

उत्तर : फीचं आधी, कारण तू ते विचारायला लाजते आहेस. तुझ्या भागात नवीन माणूस तासाला काय घेतो ते दोन घरी विचार, तेवढेच सांग. "द्याल ते द्या" असं म्हणू नकोस. त्यात शेवटी दोन्हीकडे खट्टूपणा राहतो. पैसे महिन्याचे महिन्याला, आणि बुडालेल्या तासाचं काय करायचं हे पहिल्या दिवशी ठरव.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नकोस. काटकोन त्रिकोण काढ, पण कर्ण खाली आडवा ठेवून काढ, काटकोन वर. मग विचार, कर्ण कुठला? वर्षभर एकाच ठेवणीतला त्रिकोण बघितलेली मुलं तिरक्या बाजूकडे बोट दाखवतात. दुसरं : साइन थीटा ८/१७ असेल तर कॉस किती? १५/१७ आलं तर पायथागोरस जिवंत आहे. तिसरं, क्षचे ते दोन अपूर्णांक, जे मी वर जुळे सोलापूरच्या ताईंना लिहिलेत. चौथं, (अ + ब) चा वर्ग. "अ-वर्ग अधिक ब-वर्ग" असं उत्तर आलं तर दचकू नकोस, ते फार येतं. या चार प्रश्नांवरून दोन्ही मुलांचा नकाशा तुझ्या हातात येईल, आणि तो एकसारखा नसेल. पालक दोघांना एकत्र शिकव म्हणतील. महिनाभर वेगळा अर्धा अर्धा तास दे.

३०, ४५, ६० च्या किमती पाठ करायला लावण्याआधी एकदा काढून दाखव. बाजू २ असलेला समभुज त्रिकोण मधोमध कापला की ३० आणि ६० दोन्ही मिळतात. बाजू १ असलेल्या चौरसाचा कर्ण काढला की ४५. मुलं ते विसरली तर परत काढू शकतात.

आणि गच्चीवर ने. एक मीटरची काठी उभी धर आणि सावली मोज. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी, साडेबाराच्या आसपास, सोलापुरात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो आणि सावली ८७ सेंटिमीटरच्या जवळपास पडते. टॅन म्हणजे काठी भागिले सावली, हे त्यांना तिथे उन्हात सांग. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी आपल्याकडे भर दुपारी काठीची सावली पायाखालीच येते, शून्य. त्या दिवशी टॅनची किंमत काय लिहायची, हा प्रश्न त्यांना घाल. ९० अंशांच्या टॅनसमोर "निश्चित नाही" असं का लिहितात ते मग वेगळं समजवावं लागत नाही.

एखादं गणित तुलाच सुटलं नाही तर? "उद्या सांगते," म्हण, आणि उद्या खरंच सांग. मोबाइलमध्ये उत्तर शोधून वहीत उतरवून देऊ नकोस. मुलांना ते दिसतं.

थोडक्यात उत्तरं

*क्लासवाले दोन वर्षांची फी एकरकमी भरली तर सवलत देतात. भरू का? (होटगी रोड)* — मी भरणार नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत द्यावी, असं त्यात आहे. पण त्या सूचना आहेत, अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली. पावती, आणि परताव्याची अट पावतीवर लिहून, एवढं मिळालं तर विचार करा.

*शाळेतलेच सर घरी बोलावतात, नाही म्हटलं तर अंतर्गत गुणांवर परिणाम होईल का? (विजापूर रोड)* — गणिताचे २० गुण शाळेच्या हातात असतात, म्हणून ही भीती मला समजते. कलम २८ बद्दल वरच्या उत्तरात लिहिलंच आहे. सरांशी वाद घालू नका, "घरी काकाच घेतात," म्हणा. गृहपाठाच्या वह्या वेळेवर आणि पूर्ण ठेवा, म्हणजे गुण कापायला कुणाला जागा राहणार नाही. काही वेडंवाकडं झालंच तर मुख्याध्यापकांना भेटा, पण लेखी घेऊन.

*ऑनलाइन ट्यूटर चालेल का? (अक्कलकोट)* — नित्यसमानता, म्हणजे डावी बाजू उजवीइतकी आहे हे, सिद्ध करायला चालेल. आकृतीची गणितं अडत असतील तर मुलाचा कागद समोरच्याला दिसेल असा कॅमेरा लावा. चेहरा दिसला नाही तरी चालेल.

प्रश्न : मी मिलमधून निवृत्त झालेला म्हातारा. नातू दहावीला आहे. त्याला शिकवणी लावून दिली, पण तो विचारतो, आजोबा, या त्रिकोणमितीचा उपयोग काय? मला सांगता येईना. शिकवणीचे सर म्हणाले, बोर्डात मार्क मिळतात हाच उपयोग. मला ते काही पटलं नाही.
— एक आजोबा, साखर पेठ

उत्तर : आजोबा, मलाही नाही पटलं. नातवाला होटगी रोडवरची साखर कारखान्याची चिमणी आठवत असेल. नव्वदेक मीटर उंचीची ती चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ ला पाडली. पाडावी की पाडू नये यावर गावात किती भांडणं झाली ते तुम्ही पाहिलंय, त्यात मी पडत नाही. पण ती "वाटेत येते" हे कुणी कसं ठरवलं, एवढं त्याला विचारा.

उतरणारं विमान साधारणपणे जमिनीशी ३ अंशांचा कोन करून खाली येतं. चाकं जिथे टेकणार तिथून मागे मोजत गेलं, तर विमान नव्वद मीटर उंचीवर कुठे असेल? टॅन ३ अंश म्हणजे सुमारे ०.०५२४. ९० ला त्याने भागलं की १,७०० मीटरच्या थोडं पुढे उत्तर येतं. म्हणजे टेकायच्या जागेपासून पावणेदोन किलोमीटरवर असताना विमान फक्त चिमणीएवढ्या उंचीवर असतं, आणि त्याला तर चिमणीच्या बरंच वरून जायला हवं. खरे नियम याहून कडक असतात, उड्डाणाचा हिशेब वेगळा. पण बीज हेच : काटकोन त्रिकोण, एक कोन, एक बाजू.

नातू म्हणेल, तक्त्यात ३ अंश नाहीतच. नाहीत खरे. शाळेतला तक्ता सोप्या कोनांचा आहे, बाकीच्यांसाठी कॅल्क्युलेटर आहे. त्याला १५० मीटरची चिमणी धरून हेच गणित करायला लावा, आणि करताना आकृती काढलीय ना, ते बघा. आकृतीत विमान डावीकडून आलं की उजवीकडून, याने फरक पडत नाही. ३ अंश त्याने जमिनीपासून मोजले की चिमणीपासून, याने पडतो.